बेसांव

"बाबा, बोट बघा तुमचं," ती बाई म्हणाली.

कल्याणच्या रेल्वे कॉलनीतल्या चर्चच्या अंगणात सकाळपासून रांग सरकत होती. माणूस पुढे यायचा, गुडघा टेकायचा, उजव्या हातातल्या अंगठीवर ओठ टेकवायचा आणि बाजूला व्हायचा. कार्डिनल इग्नेशियस मिस्किता यांनी चेहरे बघणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांना नुसते भांग दिसत होते. तेलाने चपचपलेले, मधे पांढरे पडलेले, एखाद्या टकलावर घामाचे थेंब. आणि मग कुणीतरी हात धरला तो सोडलाच नाही. ओठ टेकले नाहीत. त्यांनी खाली पाहिलं. कासोट्याचं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, दंडावर गोंदण. ही चर्चमधली नव्हे. कॉलनीत पाणी भरणारी बायजा, रांग दिसली म्हणून रांगेत उभी राहिलेली. अंगठीचं काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने बोट पाहिलं.

"काळंनिळं पडलंय. अंगठी रुतलीय आत. काढा ना ती."

"ए बायजा, पाया पड आणि हो पुढं," मागून रेल्वेतला कुणी कारकून ओरडला.

"पडते की. पण बोट जाईल त्यांचं, त्याचं काय?"

लोक हसले. कार्डिनल हसले. इनासने बोटाकडे पाहिलं. (इनास म्हणजे तोच. घरातलं नाव. ते नाव घेऊन हाक मारणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते इथून पंधरा मैलांवर ठाण्याच्या खाडीकाठच्या पाड्यात बसलेलं असणार होतं.) बोट खरंच सुजलं होतं. रोमच्या थंडीत घातलेली अंगठी मे महिन्याच्या कल्याणात मावत नव्हती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि मधे सोन्याची कड दिसतसुद्धा नव्हती, फक्त तो जांभळा खडा. आठवडाभर शेकडो माणसांनी या बोटाचं चुंबन घेतलं, आणि बोट कुणालाच दिसलं नव्हतं. मलासुद्धा नाही. त्यांचे सेक्रेटरी फादर कायतान यांनी बायजाच्या खांद्याला हलकेच हात लावून तिला बाजूला केलं आणि रांग पुन्हा सुरू झाली. पण आता प्रत्येक ओठ टेकला की बोटातून कळ जाऊ लागली. ती मघापर्यंत नव्हती. किंवा होती, आणि त्याने ती कार्डिनलांच्या नावावर टाकली होती.

अंगठी काढायलाच हवी होती. आजच, ठाण्याला पोचायच्या आत. हे त्याने आगबोटीवरच ठरवलं होतं, एडनच्या पुढे कुठेतरी, पाण्याकडे बघता बघता. पाड्यातल्या मावशीपुढे जायचं ते बोडक्या हाताने. अंगठी दिसली तर ती खाली वाकणार, आणि ती खाली वाकली की सगळं संपलं. तिने वाकायचं नव्हतं, इनासने वाकायचं होतं. हात जोडून एवढंच म्हणायचं होतं, मावशी, बेसांव दे. चर्चच्या मागच्या खोलीत त्याने साबण मागवला. फादर कायतान लाल वडी घेऊन आले आणि दाराशी पाठ करून उभे राहिले, जणू आत काही खासगी विधी चालला होता. साबणाचा फेस झाला, बोट लाल झालं, अंगठी गोल गोल फिरली, सांध्यापर्यंत आली आणि थांबली. त्याने दात आवळून ओढली. सांध्यावरची कातडी सोलली, रक्त आलं. "युअर एमिनन्स, मुंबईला डॉक्टर बघतील," फादर कायतान म्हणाले. "आज ना उद्या निघेलच." आज ना उद्या! त्याने वडी भिंतीवर फेकली. फेकली नाही. फेकावीशी वाटली आणि नीट साबणदाणीत ठेवली. अशीच त्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट नीट ठेवली होती.

मोटार शिळफाट्याच्या रस्त्याने निघाली. ड्रायव्हर काळुराम मधूनमधून आरशातून मागे बघत होता. इतकं तांबडं कापड नेसलेलं माणूस त्याने आधी बघितलं नसावं. दोन्ही बाजूंना भाताची मोकळी खाचरं, राब भाजल्याचे काळे चट्टे. ठाण्याच्या मांडवात मराठीत बोलायचं होतं आणि भाषण अजून मनात लागत नव्हतं. माझ्या प्रिय बंधु-भगिनींनो, मी आज. नाही. माझ्या प्रिय बंधु-भगिनींनो, या पाड्याच्या मातीत. हे तर पुस्तकातलं झालं. इनास ज्या भाषेत बोलायचा त्या भाषेत भाषण होत नाही, त्या भाषेत फक्त जेवायला हाक मारता येते, शिव्या देता येतात, बेसांव मागता येतो. पाड्यात रोज संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की घरोघर तेर्स व्हायचा, म्हणजे जपमाळ ओढत मोठ्याने म्हणायची प्रार्थना. ती संपली की घरातलं सगळ्यात धाकटं माणूस वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून बेसांव मागायचं, आशीर्वाद मागायचं, आणि मोठी माणसं एकेक करून डोक्यावर हात ठेवायची. इनासच्या घरात मोठं माणूस एकच होतं. बाप मिठागरात गेला, आई त्याच्या मागोमाग. आईची थोरली बहीण नाताल, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, तिने त्याला वाढवला. तिचा हात मिठाने चिरलेला असायचा. केसांत अडकायचा. तो हात दूर झाल्यावरही टाळूवर थोडा वेळ काहीतरी खरखरत राहायचं आणि त्याच्यावरच झोप यायची.

सेमिनरीत, पाद्री व्हायच्या शाळेत, जायच्या दिवशी तिने बेसांव दिला नाही. ओटीवर सुकटाची पाटी घेऊन पाठमोरी बसली होती. पाद्रीबाबा बैलगाडीपाशी खोळंबलेले. तो मागे उभा राहिला हात जोडून, एकदा मागितला, दुसऱ्यांदा मागितला. ती बोंबील निवडत राहिली. "परत आयलास का देईन," ती म्हणाली. एवढंच. तिला वाटलं असेल, त्यावाचून पोराचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नाही. पडलं. मुंबईच्या सेमिनरीतून थेट रोमला, तिथल्या लांब जिन्यांच्या इमारतीत, लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, मग एका कचेरीत, जिथे जगभरातल्या मोडलेल्या लग्नांची प्रकरणं येत आणि तो खाली बारीक अक्षरात 'होय' किंवा 'नाही' लिही. वर्षं गेली. युद्धाच्या हिवाळ्यात त्याने उकडलेले शलगम खाल्ले आणि 'होय', 'नाही' लिहिलं. एकोणीसशे सत्तेचाळीसच्या ऑगस्टात तिकडच्या कुणीतरी अभिनंदन केलं, त्याने आभार मानले, आणि पुढचं प्रकरण उघडलं. बिशप झाला. हुशार, सावध, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, म्हणून एक दिवस कार्डिनलची लाल टोपी आली. संगमरवरी फरशीवर पालथा पडून त्याने ती स्वीकारली, तेव्हा गाल गार पडला होता आणि मनात आलं होतं ते इतकंच, की मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून असाच गुळगुळीत करतात. मधे एकदा दिल्लीला जाताना तो मुंबईत उतरला होता. बिशपांच्या गच्चीवरून पूर्वेकडे बघून "ठाणं त्या बाजूला ना?" असं विचारलंही होतं. कुणीतरी "हो" म्हणालं आणि चहा आला. त्या दिवशी वेळापत्रकात पाडा बसत नव्हता. हजारोंना आशीर्वाद दिले मी. हात उचलला, दोन बोटं पुढे काढली, हवेत क्रूस काढला. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, हात खाली येताना आतून कुणीतरी विचारायचं: तुला कुणी दिला होता?

डोंबिवलीच्या फाट्याशी चारदोन कुटुंबं झाडाखाली उभी होती. फादर कायतान यांनी काच खाली करवली. कार्डिनलांनी हात बाहेर काढला. एका म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी घट्ट दाबला, थेट त्या बोटावर, आणि इनासच्या तोंडून "आयव" निघालं. म्हातारा गहिवरला. त्याला ती लॅटिन प्रार्थना वाटली.

ठाण्याच्या पाड्यात केळीच्या खांबांची कमान होती, लाल कागदाची फुलं, बँड. मांडवात चौथऱ्यावर डेकोरेटरकडून आणलेली लाल मखमलीची खुर्ची होती. स्वागत कमिटीचे पेदरू मास्तर घामाने थबथबलेल्या कोटात धावत होते. "एमिनन्सबाबा, या, या. अगदी शिस्तीत सगळं. पहिला मान आपल्या मावशीबाईंना. पंधरवडाभर तालीम घेतलीय मी जातीने. आता बघाच."

"कसली तालीम?"

"अंगठीची! म्हातारं माणूस, कुठं चुकायला नको. माझ्या बायकोची अंगठी मी बोटात घालून उभा राहायचो आणि मावशी मला... म्हणजे अंगठीला हो... डावा गुडघा, मग ओठ, मग मागं न बघता बाजूला. पहिल्यांदा मलाच म्हणाली, 'मास्तरा, तुज्या हाताला लसणीचा वास येतं.' पण आता बसलंय डोक्यात."

त्याला मास्तरांच्या तोंडात मारावंसं वाटलं. हे अडाणीपण नव्हतं, हे प्रेम होतं, आणि म्हणूनच त्याला इलाज नव्हता. तो खुर्चीत बसला. बँड थांबला. आणि दोन पोरींच्या आधाराने ती आली. लुगड्यावर पांढरी ओढणी, एवढीशी झालेली. त्याने उठायला हात टेकले. "बसून राहा, युअर एमिनन्स," फादर कायतान कानाशी म्हणाले. तो उठेपर्यंत तिचा डावा गुडघा खाली गेला होता. मास्तर ओठांनी मोजत होते. तिने त्याचा हात हातात घेतला, तो हात अजून तसाच होता, खरखरीत, आणि सुजलेल्या बोटावर ओठ टेकवले, अगदी शिकवल्यासारखे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो वाकला. इतका वाकला की टोपी सरकली. "मावशी," तो म्हणाला, "मना बेसांव दे."

तिने वर पाहिलं. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा होता. "इथं?" ती कुजबुजली. "मास्तर काय बोलंल? सांजेला घरात यं." आणि मागे न बघता बाजूला झाली.

पुढे पाड्यातले सगळे आले, मग शेजारच्या पाड्यांतले. मग भाषणं. कर्ण्यातून मास्तरांचा आवाज आला, की या पाड्याच्या मातीने जगाला एक राजपुत्र दिला. मग कार्डिनल उभे राहिले. माझ्या प्रिय बंधु-भगिनींनो. इतकं झालं. पुढे काहीच नव्हतं. कर्णा खरखरत होता. समोर मावशी पहिल्या रांगेत, ओढणी सारखी करत. इनासला एक वाक्य येत होतं, मना घरी जावचं हाय, पण ते कर्ण्यातून बोलण्यासारखं नव्हतं. घशाशी आलेलं परत गेलं आणि त्याच्या जागी आपोआप लॅटिन आलं, गुळगुळीत, लांबच लांब, शेवटी क्रूस. मांडव गुडघ्यांवर गेला. "असं भाषण आजवर झालं नाही," मास्तर डोळे पुसत म्हणाले. जेवणात कटलेट होती, काटेचमचे होते, तिखट मुद्दाम कमी केलं होतं. बाहेर कुणाच्या तरी चुलीवर सुकट भाजल्याचा वास येत होता आणि मास्तर त्याबद्दल क्षमा मागत होते. तो खिडकीकडे बघत कटलेटचे तुकडे करत राहिला. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा दोन. इतक्या लांबून येऊन मी पुन्हा कचेरीत बसलो होतो.

"पाचला निघायचं," फादर कायतान म्हणाले. "रात्री बिशपांकडे जेवण आहे. उद्या दुपारी आगबोट."

"मी घंटा होईपर्यंत थांबणार."

"युअर एमिनन्स, मुंबईला सगळे खोळंबतील."

"खोळंबू देत." त्याचा आवाज चढला होता. मास्तरांच्या हातातली बशी वाजली. स्वतःसाठी दिलेला हा आपला पहिलाच हुकूम, असं त्याच्या मनात आलं, आणि तो एका म्हातारीच्या घरी जाण्यासाठी द्यावा लागला याचाच राग आला.

घराला ताजा चुना होता. कमिटीचाच. ओटीवर त्या मखमली खुर्चीची जोडीदार आणून ठेवलेली. आतल्या खोलीत मात्र चुना पोचला नव्हता. शेणाने सारवलेली जमीन, कोनाड्यात सायबिणीची, देवमातेची मूर्ती, तिच्यापुढे तेलाचा दिवा, कोपऱ्यात माठ. दाराबाहेर लोक थांबले. मास्तरांनी त्यांना थोपवून धरलं होतं, तेवढं एक बरं काम त्यांनी केलं.

"आयलास?"

"आयलो."

"खुर्चीत नको बसू. भाड्याची हाय. काय लागलं तर मास्तर मना फाडून खाईल." ती हसली. दात नव्हते. "हात धू आधी. तसाच बसतंस का तेर्साला?"

तिने माठातलं पाणी मातीच्या कुंड्यात ओतलं. त्याने दोन्ही हात बुडवले. पाणी इतकं गार होतं की मनगटं दुखली. तो तसाच उकिडवा बसून राहिला, तांबडा झगा जमिनीला लागला, लागू दे. बाहेर घंटा सुरू झाली. आणि पाण्यात, काही न ओढता, काही न करता, बोट आपोआप आखडलं आणि अंगठी सांध्यावरून सरकली. कुंड्याच्या तळाशी टक्क झालं. दिवसभर साबण, रक्त, चीड, आणि शेवटी हे असं. त्याला ओरडावंसं वाटलं. आनंदाने की कशाने ते कळलं नाही.

ती गुडघ्यांवर बसून प्रार्थना म्हणू लागली, तोही तिच्या मागे बसला. पहिल्या ओळीनंतरच अडखळला. शब्द जुने होते, तिच्या घरातले, आणि त्याला मधेच लॅटिन येत होतं. "चुकलास," ती माळ न थांबवता म्हणाली. "रोमला काय शिकवलं तुला?" मग तिच्या आवाजाच्या मागोमाग त्याचा आवाज जाऊ लागला, आधी लंगडत, मग बरोबरीने. गुडघ्यांना सारवणाचे खड्डे टोचत होते. माळ संपली. ती वळून बसली. घरातलं सगळ्यात धाकटं माणूस पुढे झालं, डोक्यावरची लाल टोपी काढून मांडीशी ठेवली आणि मोकळे हात जोडले. "मावशी, बेसांव दे."

तिने हात उचलला. अर्धा. तो तिथेच राहिला.

"उद्या कवा निघतंस?"

"दुपारची आगबोट हाय."

"मंग जातंसच."

"काम हाय तिथं, मावशी."

"हाय ना. मोठं काम हाय. मी सगल्यांना सांगते. बावडीवर, बाजारात, ज्याला नाय ऐकावचं त्यालापन." हात खाली आला, स्वतःच्याच मांडीवर. "पन मी काय बोललेली? परत आयलास का देईन."

"मी आलोय ना. हा काय तुझ्यापुढं."

"तू पावना आयलास, इनास. पावन्याला मी चा देते."

एवढी एक म्हातारी! सबंध जगात कुठल्याही घरात मी शिरलो असतो तर लोकांनी दारं काढून ठेवली असती. "आणि राह्यलो तर?" तो म्हणाला. रागाने म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय विचारलं.

ती पुढे सरकली. साऱ्याच्या मागून त्याचा चेहरा शोधू लागली. "ऱ्हातंस?"

आता एकच शब्द हवा होता. कचेरीत खाली बारीक अक्षरात लिहायचा तसा. त्याने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे टेबल आलं, हिरव्या काचेचा दिवा, त्याच्या उजेडात नीट रचलेली प्रकरणं, आणि तिथे दुसऱ्याच कुणाचे तरी हात. ते हात त्याला सहन झाले नाहीत. हे घर, हा गारवा, ही माळ, यांच्यापेक्षा ते टेबल जवळचं. मी? हो, मी. बाहेर कुणीतरी खोकलं. मावशी थांबली होती. ती रागावली नव्हती, मोठ्या माणसाने लहानाची वाट पाहावी तशी थांबली होती. भरपूर थांबली. मग "बरं" म्हणाली, आणि कुंड्यात हात घालून अंगठी काढली.

पदराने पुसली. त्याचा उजवा हात स्वतःकडे ओढून घेतला. सोललेल्या बोटावर तिचं बोट फिरलं. "ह्यात नको. जखम झालीय." तिने अंगठी त्याच्या करंगळीत घातली. "सैल हाय. सांभाल." मग हात सोडून ती चुलीकडे वळली. तिने खरंच चहा टाकला. त्याने तो प्यायला. गुळाचा होता, फार गोड. ती समोर बसून त्याला पिताना बघत होती, आणि कप रिकामा झाल्यावर तो कपालाच सांगितल्यासारखं म्हणाला, "येतो." ती म्हणाली, "जा."

बाहेर गॅसबत्त्या लागल्या होत्या. मास्तरांनी "चला, चला, जागा द्या" केलं, बँडवाल्यांनी शेवटचं काहीतरी सुरू केलं. मोटार तळ्याच्या काठाने निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना लोक गुडघे टेकून होते. कार्डिनलांनी सवयीने हात बाहेर काढला, दोन बोटं सरळ केली. अंगठी करंगळीवरून नखापर्यंत घसरली. त्याने झटकन मूठ वळली. पुन्हा बोटं उघडून पाहिली, पुन्हा घसरली. मग त्याने बोटं उघडलीच नाहीत. तशीच मूठ वर नेली, तशीच खाली आणली, डावीकडून उजवीकडे नेली. गुडघे टेकलेल्यांतले काही जण एकमेकांकडे बघू लागले.

"युअर एमिनन्स," फादर कायतान पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "हात दुखतोय का?"

"नाही," तो म्हणाला. "अंगठी पडेल."